अस्वलासाठी रिव्हॉल्वर

"…आणि बत्तीस बोअर अस्वलाला पुरत नसेल, तर मग मी कोणतं घेऊ?"

शिरीष वैरागडेनं हे विचारलं तेव्हा मानकूबाबा अंगणात बसून बांबूच्या कामट्या तासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सांगा अजून," ते म्हणाले. "आयकतो मी."

शिरीष नागपूरचा. वय बेचाळीस. पाण्याच्या पंपांचा व्यवसाय, आणि पिस्तूल नेमबाजीत राज्य पातळीवरची दोन पदकं. परवाना त्याच्या नावावर होता आणि त्या परवान्यावर बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर. दर हिवाळ्यात तो मित्राबरोबर जंगलाच्या कडेला तंबू ठोकून चार दिवस राहायचा.

मानकू कोरेटी जंगलाकाठच्या हिरडटोल्याचे. तीस वर्षं त्यांनी जंगल खात्यात चौकीदारी केली होती. आता पंचाहत्तरी उलटली होती. तरुणपणी अस्वलानं त्यांचा चेहरा फाडला होता. गाल आत ओढलेला, जबडा एका बाजूला सरकलेला. त्यामुळे ते सावकाश बोलत आणि मधे मधे थांबत.

त्यांनी कधी कुणाला शिष्य म्हटलं नाही. पण मोहफुलं पडायला लागायच्या आधी चार गावांतल्या बाया त्यांच्या अंगणात येऊन बसत. कोणत्या झाडाखाली अंधार असताना जायचं नाही, कोणत्या वाटेनं बोलत जायचं, अस्वल समोर आलं तर काय करायचं, हे ते सांगत. त्या चार गावांत अकरा वर्षांत एकही बाई जखमी झाली नव्हती.

शिरीषनं हे ऐकलं होतं, म्हणून तो आला होता.

"दोन आहेत माझ्या मनात," तो म्हणाला. "एक तीनशे सत्तावन्न मॅग्नम. ताकद बत्तीसच्या तिपटीहून जास्त. पण वजन सव्वा किलो, आणि झटका जोराचा. दुसरं, बत्तीसचंच पिस्तूल. ताकद कमी, पण गोळ्या आठ, आणि भराभर सुटतात."

"अस्वलाले काय लागते?"

"डोक्याचं हाड जाड असतं. केस दाट. कमी ताकदीची गोळी आत जाईलच असं नाही. छातीत घालायची तर ते उभं राहिलेलं हवं."

"वाचलेलं दिसते तुमी."

"खूप."

बाबांनी एक कामटी डोळ्यासमोर धरून तिची धार पाहिली. बाजूला ठेवली. दुसरी घेतली.

"जंगलात बंदूक नेता येत नाही, साहेब."

"जंगलात नाही. मित्राच्या मामाची शेतजमीन आहे, जंगलाला लागून. पडीक आहे. आमचा तंबू तिथं असतो. मामांची परवानगी आहे."

"पानी कुठून आनता?"

"मागे नाला आहे."

"तंबू नाल्यापासून किती?"

"जवळच. पन्नास पावलं."

"नाल्याच्या काठाले वारुळं आहेत?"

शिरीष जरा थांबला. "असतील."

"बोरी?"

"आहेत."

"खायचं सामान कुठं ठेवता?"

"तंबूत."

बाबांनी मान हलवली. नाराजीनं नाही, हिशेब जुळल्यासारखी.

"तंबू नाल्यापासून लांब लावा. दोनशे पावलं तरी. वारुळं नसतील, बोरी नसतील, मोठे दगड नसतील अशा जागी. खायचं झाडाले टांगा, तंबूपासून दूर. पान्याले उजेडात जा. दोघं जा. जाताना बोला, मोठ्यानं बोला. अस्वल वारुळातली उधई खाताना डोकं मातीत घालते. त्याले कमी दिसते. आपन गुपचूप त्याच्या पुढ्यात गेलो तर त्याले वाटते, हा मारायलेच आला. हातात जाड काठी ठेवा, डोक्याहून उंच. अंगावर आलंच तर काठी आडवी धरा. पडलात तर पालथे पडा, मानेवर हात…"

"हे मला माहीत आहे, बाबा."

"हो?"

"मी बंदुकीचं विचारतोय."

बाबांनी कोयता खाली ठेवला.

"आनली आहे?"

"गाडीत आहे."

"आना. गोळ्या काढून आना."

शिरीष गेला. गाडीत त्यानं सहाही काडतुसं काढली, मोजून डबीत ठेवली आणि रिव्हॉल्वर कमरेच्या चामडी कव्हरात घालून परत आला. बाबांसमोर त्यानं ते बाहेर काढलं, चक्र उघडून रिकामी घरं दाखवली, पुन्हा कव्हरात घातलं. शर्ट वरून ओढून घेतला.

"असंच राहते?"

"असंच."

"तो माठ पाहा. तिथं पाठमोरे बसा. नाल्यावर पानी भरता तसे. मी हे ढेकूळ टाकीन. पडलं तिकडं अस्वल आहे असं समजा."

शिरीषला जरा हसू आलं. असल्या परीक्षा त्यानं पुष्कळ दिल्या होत्या. तो उकिडवा बसला आणि तांब्या माठात बुडवला.

मागे थप् असा आवाज झाला.

ढेकूळ फुटून त्याची माती पसरेपर्यंत शिरीष वळला होता. एक गुडघा जमिनीवर, दोन्ही हात पुढे, नळी त्या मातीवर रोखलेली. नळी हलत नव्हती. तांब्या माठातच होता.

"पुन्हा," बाबा म्हणाले.

दुसरं ढेकूळ डावीकडे, कुंपणाशी पडलं. तिथंही तो तितक्याच वेळात वळला.

तिसऱ्या वेळी बाबांनी त्याच्या हातात चहाचा पेला दिला. पिताना मधेच ढेकूळ टाकलं. शिरीषनं पेला डाव्या हातात तसाच धरला आणि उजव्या हातानं रिव्हॉल्वर रोखलं. चहा सांडला नाही.

बाबा बराच वेळ त्याच्या हाताकडे पाहत राहिले.

"खात्यात असताना मोठे मोठे साहेब पाहिले मी," ते म्हणाले. "शिकार बंद व्हायच्या आधीचेही पाहिले. असा हात पाहिला नाही."

शिरीषच्या चेहऱ्यावर समाधान उमटलं. त्यानं ते लपवलं नाही. रिव्हॉल्वर आत घालून तो बाबांसमोर येऊन बसला.

"म्हणून म्हणतो, हात आहे. हत्यार कमी पडतंय."

"गेल्या टायमाले काही झालं होतं का?"

शिरीषनं चहाचा घोट घेतला.

"डिसेंबरात. माझ्या मित्रावर अस्वलानं हल्ला केला. गुणवंत सोनकुसरे, भंडाऱ्याचा. आम्ही शाळेपासून बरोबर. वाचला तो. एक डोळा गेला, चेहऱ्याला साठ-सत्तर टाके पडले."

"आनि तुमी?"

"मी होतो तिथंच. पण बंदूक तंबूत होती. बॅगेत."

 बाबांनी शिरीषच्या कमरेकडे पाहिलं. मग त्याच्या उजव्या हाताकडे.

"आता तुमी बसलात," ते म्हणाले, "तवा बसायच्या आधी तुमचा हात पुन्हा कमरेले लागून आला. आठवते?"

"नाही."

"गाडीतून उतरलात तवाही लागला. बंदूक तर तवा गाडीतच होती… तरी लागला."

शिरीषनं उजवा हात मांडीवर घेतला.

"असा हात असलेला मानूस नाल्यावर जाताना बंदूक तंबूत ठेवून जाते?"

कुंपणापलीकडे कोंबड्या माती उकरत होत्या. बाबांनी कोयता उचलला नाही. शिरीषनं पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला. त्यात चहा उरला नव्हता.

हे सारं मला, ही गोष्ट लिहिणाऱ्याला, नंतर शिरीषनंच सांगितलं. सांगताना त्यानं स्वतःची बाजू सावरली नाही, म्हणून मीही सावरत नाही.

"कमरेला होती," तो अखेर म्हणाला.

बाबांनी मान हलवली.

"सकाळी साडेसहाला आम्ही पाण्याला निघालो. गुणा पुढे, मी मागे. त्याला सतत बोलायची सवय. मी त्याला गप्प राहा म्हणालो. म्हटलं, आवाज केला नाहीस तर काहीतरी बघायला मिळेल… नाल्याच्या वळणावर ती मादी होती. बरोबर दोन मोठी पिल्लं. वारूळ उकरत होती. गुणा तिच्यापासून आठ-दहा पावलांवर गेला तेव्हा ती उठली."

"मंग?"

"मी बंदूक काढली. आत्ता काढली ना, तशीच. हात हलला नाही. तिची छाती माझ्यासमोर होती, मधे काही नव्हतं. सहा गोळ्या होत्या."

"मंग?"

"मी पळालो."

तो थांबला. त्यानं रिकामा पेला बाजूला सारला.

"बंदूक हातात घेऊन पळालो. नंतर जाऊन मोजलं मी. ऐंशी पावलं. मागून गुणानं एकदाच हाक मारली. ओरडला नाही, हाक मारली. नाव घेऊन."

"मंग कुठं थांबलास?"

बाबांनी त्याला अरे-तुरे केलं होतं. शिरीषच्या ते तेव्हा ध्यानात आलं नाही.

"एका झाडामागे. किती वेळ, माहीत नाही. मग परत गेलो. ती गेली होती. गुणा पडला होता. त्याला पाठीवर घेतलं, गाडीत घातलं. आणि…"

"आनि?"

"गाडी सुरू करायच्या आधी तंबूत गेलो. बंदूक बॅगेत ठेवली. चेन लावली. गुणा गाडीत तसा पडलेला, आणि मी चेन लावत होतो."

बाबांनी डोळे मिटून घेतले. मग उघडले.

"त्याले माहीत आहे?"

"एक डोळा उघडा होता त्याचा. गाडीतून तंबू दिसत होता." शिरीषचा आवाज आता फार हळू झाला होता. "दवाखान्यात जबाब घ्यायला जंगल खात्याचे लोक आले. माझ्याआधी त्याचा झाला. मी बाहेर होतो, आमचं काही बोलणं झालेलं नव्हतं. मग मला आत बोलावलं. साहेबांनी त्याचा जबाब वाचून दाखवला आणि विचारलं, बरोबर आहे का. त्यात लिहिलं होतं, बंदूक तंबूत होती."

"तू काय म्हनालास?"

"बरोबर आहे म्हणालो."

"त्यानंतर?"

"त्यानंतर मी त्याच्याकडे गेलो नाही. चार महिने झाले."

बाबा उठले. घरात गेले, आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. शिरीष पाणी प्यायला. बाबा पुन्हा खाली बसले, पण या वेळी समोर नाही, त्याच्या शेजारी. दोघंही कुंपणाकडे तोंड करून बसले होते.

"माह्यासोबत लालसू होता," बाबा म्हणाले.

"कोण लालसू?"

"याच गावचा. माह्याच वयाचा. बेचाळीस वर्षं झाली. आमी दोघं मोहाले गेलो होतो. त्याच्या हातात कुऱ्हाड होती. मोठी, नवीन पातं लावलेली. अस्वल माह्यावर आलं आनि लालसू पळाला. थेट गावात येऊन थांबला. लोकांनी पाहिलं तवा कुऱ्हाड हातातच होती."

शिरीषनं त्यांच्याकडे पाहिलं. बाबांचा ओढलेला गाल त्याच्या बाजूला होता.

"तिसऱ्या दिवशी माह्या दारात येऊन उभा राहिला. म्हने, मानकू, मी पळालो. येवढंच बोलला. दुसरं काही नाही."

"तुम्ही काय म्हणालात?"

"माहा जबडा बांधलेला होता. काय म्हननार?"

"मग?"

"मंग तो बसला. मले चावता येत नव्हतं. माही बायको बाळंतपनाले माहेरी होती. लालसूनं तांदळाची पेज केली, चमच्यानं पाजली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. असे दोन महिने."

"तुम्ही त्याला माफ केलंत?"

"दोन महिने तोंड बांधलेलं होतं म्हनतो ना."

"आणि तोंड सुटल्यावर?"

बाबांनी विचार केला. त्यांच्या सरकलेल्या जबड्यावर काहीतरी हललं. ते हसू असावं.

"तोवर त्याच्या हातची पेज आवडाले लागली होती."

 शिरीषनं तोंडावरून हात फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा. तो रडत होता की नाही हे बाबांनी वळून पाहिलं नाही.

ऊन अंगणाच्या मध्यावर आलं. शिरीष उठला आणि चपला घातल्या. दोन पावलं गेला आणि वळला. माणूस कामाचं विचारायला आलेला असतो, ते विचारल्याशिवाय त्याला जाता येत नाही.

"मग बाबा… कोणतं घेऊ?"

बाबांनी कोयता उचलून कामटीला लावला.

"ते मले काहून विचारतोस? मी काय तुह्यासोबत नाल्यावर येनार आहो? ज्याच्यासोबत जानार, त्याले विचार."

भंडाऱ्याला गुणवंतचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. शिरीष दुसऱ्याच दिवशी तिथं गेला. दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. गुणवंत खुर्चीत बसून एका घंगाळाला आलेला पोचा ठोकून काढत होता. चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर लाल व्रण होते. गेलेल्या डोळ्यावर काळी काच बसवलेला चष्मा होता.

तो शिरीषला दिसला तेव्हा शिरीष उंबऱ्यावरच थांबला. चार महिने त्यानं हा चेहरा अनेक वेळा मनात आणला होता. तो असा नव्हता.

"गुणा," तो म्हणाला. "मी पळालो."

गुणवंतनं हातोडी थांबवली.

"बंदूक हातात होती. मी पळालो."

"माहीत आहे," गुणवंत म्हणाला. "ये, बस."

शिरीष बसला. गुणवंतनं आणखी दोन-तीन ठोके दिले. त्याची बायको मागच्या खोलीतून पडदा सारून आली, शिरीषला पाहिलं, आणि काही न बोलता आत गेली. पडदा हलत राहिला.

"ती लवकर बोलणार नाही तुझ्याशी," गुणवंत म्हणाला. "तिला मी खरं सांगितलंय. तिलाच फक्त."

"मग जबाबात का नाही सांगितलंस?"

"तू बॅगेची चेन लावत होतास ना बे, ते दिसत होतं मला. मला वाटलं, याला हेच पाहिजे आहे. म्हटलं, देऊन टाकू."

शिरीष खाली पाहत राहिला.

"राग नाही आला?"

"आला की. जबाबाच्या वेळी नव्हता. तू आला नाहीस तेव्हा आला. पहिला महिना वाट पाहिली. दुसरा महिना तुला शिव्या घातल्या. तिसऱ्या महिन्यात आरसा बघायला लागलो, तेव्हा तुझ्याकडे लक्ष द्यायला वेळ मिळाला नाही." त्यानं घंगाळ फिरवून पाहिलं. "पाठीवर घेतलंस ते आठवतंय मला. एकदा पडलास. माझ्याखालीच पडलास, मला लागू दिलं नाहीस. तेही आठवतंय."

"ते काही मोठं नाही."

"मोठं आहे असं मी कुठं म्हणालो? आठवतंय म्हणालो."

शिरीषनं मग हिरडटोल्याचं सारं सांगितलं. ढेकळांचं, चहाच्या पेल्याचं, लालसूचं. शेवटी म्हणाला, "बंदूक कोणती घ्यायची, हे त्यांनी तुला विचारायला सांगितलंय."

गुणवंत पहिल्यांदा हसला. हसताना चेहऱ्याची एकच बाजू वर गेली. शिरीषनं नजर वळवली नाही.

"मला काय कळतं बंदुकीतलं?"

"तरी सांग."

गुणवंतनं हातोडी गल्ल्यावर ठेवली आणि जरा वेळ रस्त्याकडे पाहिलं.

"शिऱ्या, त्या दिवशी तू मला गप्प राहायला सांगितलंस. मी तुला पोरीच्या शाळेचं काहीतरी सांगत होतो. पूर्णही झालं नव्हतं ते." तो थांबला. "मला बोलू देत जा."

आतून चहाचे दोन कप आले. आणून ठेवणारे हात दिसले. त्याच्या बायकोनं एक कप शिरीषच्या पुढे जरा जोरात ठेवला. पण ठेवला.

त्यानंतर शिरीष दर रविवारी भंडाऱ्याला जाऊ लागला. कधी दुकानात बसे, कधी गुणवंतला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेई. त्यातूनच त्याला कळलं की गुणवंत आता झाडी असलेल्या रस्त्यानं जात नाही. स्टेशनच्या वाटेवर घाणेरीची झुडपं होती, तर तो तेवढ्यासाठी लांबचा फेरा घेत असे. एकदा वाऱ्यानं एक फांदी हलली आणि तो भर रस्त्यात मानेवर हात धरून खाली बसला. लोक जमले. घरी येऊन त्यानं दोन दिवस दुकान उघडलं नाही.

"मला त्या नाल्यावर जायचंय," एका रविवारी तो म्हणाला. "एकदा. पाणी भरून परत यायचं. मग पुढचं बघू."

"मी येतो."

"तू येणारच आहेस. पण त्या बाबांनाही घेऊ."

दसरा झाल्यावर दोघं हिरडटोल्याला गेले. मानकूबाबांनी गुणवंतला आधी अंगणात बसवलं आणि त्याचा चेहरा हातात धरून नीट पाहिला. वैद्य पाहतो तसा. व्रणांवरून अंगठा फिरवला.

"चांगलं शिवलं," ते म्हणाले. "माह्या टायमाले असा डॉक्टर नव्हता."

गुणवंतनं त्यांच्या गालाकडे पाहिलं.

"किती दिवस भीती वाटली, बाबा?"

"कशाची?"

"झुडपाची."

"आजही वाटते," बाबा म्हणाले. "म्हनून तर बोलत जातो."

तिघंही गाडीनं मामाच्या जमिनीपर्यंत गेले. सकाळचे नऊ वाजले होते. गवत कमरेइतकं झालं होतं, आणि त्यातून नाल्याकडे जाणारी जुनी पायवाट अर्धी बुजली होती. नाला दिसत नव्हता, पण पाण्याचा आवाज येत होता. बाबांनी तिघांसाठी तीन काठ्या तोडल्या. शिरीषच्या कमरेला रिव्हॉल्वर होतं, तेच बत्तीस बोअरचं. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

गुणवंतनं पाण्याचा कॅन उचलला. पायवाटेशी गेला आणि थांबला. त्याची मान ताठ झाली होती. 

"मी पुढे चालतो," शिरीष म्हणाला.

गुणवंतनं मान हलवली.

"पुढे नको. पुढे चाललास तर तुझी पाठ दिसेल मला. ती पाहिली आहे मी."

शिरीषनं ते ऐकून घेतलं. 

"मग मागून येतो."

"मागे असलास तर आहेस की नाही हेच कळणार नाही."

शिरीष पायवाटेच्या तोंडाशी उभा राहिला. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. त्यानं मानकूबाबांकडे पाहिलं. गुणवंतनंही पाहिलं.

बाबा गवतातून पायवाट पाहत होते. काठीनं त्यांनी दोन्ही बाजूंचं गवत जरा आडवं केलं. वाट रुंद झाली. मग ते गुणवंतकडे वळले.

"कोनत्या बाजूचं दिसत नाही तुले?"

"डाव्या."

बाबांनी काठीचं टोक शिरीषच्या छातीला टेकवलं आणि त्याला हलकेच बाजूला सरकवलं, गुणवंतच्या डाव्या खांद्याशी खांदा लागेपर्यंत.

"तू इकडून चाल."